गुरुवारचा गुडघा

आधी थोडी फुशारकी मारून घेते, म्हणजे पुढचं खरं बोलायला सोपं जाईल.

गंगापूर रोडला भाजी घ्यायला गेले की एखादं तरी जोडपं मला वाकून नमस्कार करतं आणि एखादं मला बघून रस्ता ओलांडतं. दोघांचीही लग्नं मीच जुळवलेली. तीस वर्षं मी नाशिकभर स्थळं सुचवली, तीही निव्वळ हौसेनं. माझ्या कपाटात त्याच्या सात जाडजूड वह्या आहेत. मुलगी काय शिकली, मुलाचा मामा कुठे असतो, आजीला दमा होता की नुसता खोकला, सगळं त्यात. समोरच्याची ओळख काढणं ही माझी विद्या. सिटी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं नाव कळायच्या आधी मला तिच्या नणंदेनं सासर का सोडलं ते कळलेलं असायचं.

तर या विद्वान बाईला एकाहत्तराव्या वर्षी डिप्रेशन झालं. त्यातून ती बाहेर आली आणि आता हे लिहायला बसली आहे. ज्यांच्या घरात असं काही चाललंय आणि ज्यांना ते कोणाला सांगता येत नाही, त्यांच्यासाठी. मलाही सांगता येत नव्हतं. माझ्या डिप्रेशनचं घरातलं नाव 'गुडघा' होतं. ते सांगतेच.

तांदूळ वाजले

काही झालं नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, कोणी भांडलं नव्हतं. आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले, तब्येतीनं ठणठणीत. मुलगा, सून मेघना आणि नोकरीला लागलेली नात सायली, सगळे एका घरात. भरल्या घरात बाईला काय धाड भरली, असं मीच दुसऱ्या कोणाबद्दल म्हटलं असतं.

तुळशीचं लग्न झालं की माझा मोसम सुरू होतो. फोन वाजायला लागला आणि मला तो उचलावासा वाटेना. नुसता वाजला तरी अंगावर यायचा. एक दिवस मी तो उचलून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण लावलं.

संध्याकाळी सायली स्वयंपाकघरात आली. "आजी," ती म्हणाली, "तांदूळ वाजतायत."

मला हसू आलं नाही. सायली घाबरली ती त्यानं. फोन तांदळात सापडण्यापेक्षा आजी हसली नाही, याचं तिला जास्त भय वाटलं.

खरं तर महिनाभर हेच चाललं होतं. सकाळी डोळे उघडले की छातीवर कोणी भिजलेली गोधडी टाकून गेल्यासारखं वाटायचं. आंघोळ हे एवढं मोठं काम आहे, हे मला तेव्हा कळलं. चहा गाळून ठेवायचा आणि तो तसाच गार व्हायचा. रडू येत नव्हतं. आलं असतं तर निदान करमणूक झाली असती.

आमच्या ह्यांनी चार दिवस माझ्याकडे बिघडलेल्या मशीनकडे बघतात तसं बघितलं. पाचव्या दिवशी चपला घातल्या. "चल," म्हणाले, "आवाज कुठून येतोय ते आधी बघू."

स्कार्फवाल्यांची सभा

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. नावाखालचा शब्द मी वाचला: मनोविकारतज्ज्ञ. चिठ्ठी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, जणू प्रेमपत्रच.

तिथे जायच्या दिवशी मी सायलीचा स्कूटरवर बांधायचा स्कार्फ मागून घेतला आणि डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलं. म्हटलं, नाशिकमध्ये मला कोण ओळखत नाही! दवाखान्यात पाऊल टाकलं तर बाकांवर सहा माणसं, त्यातली चार तशीच गुंडाळलेली. आत ना ऊन, ना धूळ. आम्ही पाचजणी एकमेकींकडे नुसत्या डोळ्यांनी बघत बसलो. त्यातल्या एकीच्या बांगड्या मी ओळखल्या. तिनं माझी पर्स ओळखली. दोघींनी लगेच भिंतीवरची पोस्टरं वाचायला घेतली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बरंच विचारलं आणि मग तितक्याच शांत आवाजात म्हणाले, "आजी, कधी असं वाटतं का, की आपण नसलो तर बरं?"

आमचे हे शेजारी बसले होते. माझी पर्स त्यांच्या मांडीवर होती. खोटं बोलणं मला काही अवघड नाही. तीस वर्षं मी टकल्या मुलांना 'कपाळ मोठं आहे' म्हणत आले. पण त्या दिवशी मी म्हणाले, "हो. दोनदा वाटलं."

ह्यांनी पर्स घट्ट धरली.

आयुष्यात मी पुष्कळ बडबड केली, पण माझ्या हिशेबी ते तीन शब्द सगळ्यात शूरपणाचे. तुम्हाला कोणी तो प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्या. कोणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा. उद्यावर टाकू नका.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी उभारी येईल. पण तुम्ही कोणाशी तरी बोलायलाही हवं. चांगला थेरपिस्ट शोधा."

शोधा! मला!

चौथी वही

ज्या बाईनं गोळ्यांची पाकिटं बडीशेपेच्या डब्याखाली लपवली, तिची थोडी ओळख करून द्यायला हवी.

पंचेचाळिशीतली कुमुद, म्हणजे मीच. पदर खोचलेला, काखेत वही, आणि चालण्यात अशी ऐट की जणू सगळ्या नाशिकचं भवितव्य हिच्याच पिशवीत आहे. एका चांगल्या घरच्या मुलासाठी हिनं एक मुलगी हेरली होती. बी.कॉम., बँकेत नोकरी, गाते छान. पण कुमुदबाई अशा थोड्याच थांबणार? मुलीच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेल्या, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि गप्पांच्या ओघात काढून घेतलं, की ती मुलगी कसल्याशा डोक्याच्या गोळ्या नेते. झालं. वहीत लाल पेन्सिलीनं लिहिलं: 'डोक्याच्या गोळ्या. नको.' मुलाच्या आईला कळवलं. 'वाचवलंत हो आम्हाला' म्हणून तिनं मला साडी नेसवली. ती मी पुढच्या तीन लग्नांत मिरवली.

मी गोळ्या लपवल्या त्या या वहीच्या धास्तीनं. आता कोणीतरी दुसरी कुमुद माझ्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात उभी असेल. आणि सायलीचं लग्न व्हायचं होतं.

मेघनानं ते बोलूनही दाखवलं. वाईट मनानं नव्हे. माझ्याकडूनच शिकली होती बिचारी. "आई, तुम्ही जरूर जा," ती म्हणाली. "पण बाहेर कशाला कळायला हवं? सायलीचं बघायला आता सुरुवात करायची. कोणी विचारलं तर सांगू, गुडघ्याच्या फिजिओला जाता."

सायली तिथेच उभी होती. "कळलं तर बरंच की," ती म्हणाली. "फुकटात चाळणी लागेल."

"तू गप्प बस," आम्ही सासूसुना एका सुरात म्हणालो. बऱ्याच वर्षांत आमचं एवढं एकमत झालं नव्हतं.

दोन ठिकाणी जमलं नाही

पहिल्या बाई घराजवळच्याच. पाटीवरचं आडनाव बघून मला बरं वाटलं. म्हटलं, ओळखीचं दिसतंय. आपल्याकडे दात काढायचा तरी ओळखीचा डॉक्टर बघतात, मग इथे तर मन काढून द्यायचं. खुर्चीत बसताक्षणी मी सुरू झाले. तुमचे सासरे पंचवटीतले का? मग धाकटे दीर पुण्याला? अगं बाई, त्यांचं लग्न मीच जुळवलं की!

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मला तुम्हाला दुसऱ्या कोणाकडे पाठवावं लागेल. ओळखीत हे काम होत नाही."

मला राग आला. ओळखीत नाही होत तर काय अनोळखीत होतं? घरी येऊन मी तो दिवसभर पुरवला. राग येतोय म्हणजे काहीतरी येतंय, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसरा तरुण मुलगा होता. बत्तिशीचा, गोड बोलणारा, अविवाहित. अविवाहित! हे मला सहाव्या मिनिटाला कळलं. पहिल्या वेळी मी त्याचं शिक्षण, गाव, पत्रिका मानतो का, हे काढलं. दुसऱ्या वेळी घरची माणसं आणि अपेक्षा. तिसऱ्या वेळी पिशवीतून सातवी वही काढली आणि म्हणाले, "दोन स्थळं आहेत. एक तर अगदी तुझ्यासाठीच."

त्यानं वही हातात घेतली, आदरानं मिटली आणि माझ्यासमोर ठेवली. "आजी," तो म्हणाला, "तीनदा आलात. तिन्ही वेळा आपण माझ्याबद्दल बोललो. तुमच्याबद्दल मला अजून फक्त एवढंच माहिती आहे, की तुम्हाला चहात आलं लागतं."

"मग? वाईट आहे का स्थळ?"

"स्थळ छान आहे. पण तुम्ही लपलाय ना त्याच्यामागे."

असं मला कोणी म्हणालं नव्हतं. माझ्या विद्येला सगळ्यांनी आजवर हुशारी म्हटलं होतं. लपणं म्हणणारा हा पहिलाच. तो म्हणाला, चूक त्याचीही आहे, त्यानं पहिल्याच दिवशी मला अडवायला हवं होतं. आणि त्यानं नाशिकरोडच्या एका बाईंचं नाव दिलं. "त्यांच्याकडे तुमची डाळ शिजणार नाही," म्हणाला.

मी जाणार नव्हते. दोनदा तोंडावर आपटल्यावर कोण जाईल? चार दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पाचव्या दिवशी ह्यांनी परत चपला घातल्या. "दोन सुटे भाग बसले नाहीत," म्हणाले. "म्हणून मशीन भंगारात टाकतात का?"

एक प्रश्न शिल्लक

नाशिकरोड, पहिला मजला, पाटीवर नुसतं 'समुपदेशन'. बाई चाळिशीच्या. गळ्यात काही नाही, टेबलावर फोटो नाही, भिंतीवर कॅलेंडर ते नुसत्या आकड्यांचं, त्यावर दुकानाचंसुद्धा नाव नाही. मी डोळ्यांनी सगळी खोली विंचरून काढली, एक धागा हाती लागला नाही.

"मी तुम्हाला काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"कुमुदताई म्हणा. आणि तुमचं माहेर—"

"कुमुदताई," त्या म्हणाल्या, "एक ठरवू या. माझ्याबद्दल तुम्ही एकच प्रश्न विचारायचा. कुठलाही विचारा, मी खरं उत्तर देईन. पण शेवटच्या दिवशी."

मी मनात म्हटलं, ही बाई कसलेली आहे.

मग दर गुरुवारी आम्ही दोघं बसनं जायचो. हे खालच्या चहाच्या टपरीवर पेपर घेऊन बसायचे. मी जिना उतरून आले की घड्याळ बघून विचारायचे, "सुटली का शिफ्ट?" वर काय बोललीस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पन्नास वर्षं मी त्यांना अबोल म्हणून टोमणे मारले होते. ते सगळे मी परत घेते. निम्मे तरी.

पहिले कितीतरी गुरुवार मला बोलताच येईना. इतरांचं काढायची सवय, स्वतःचं काढायला हातच वळेना. प्रश्न जिभेवर यायचा, मी तो गिळायचे, आणि मग त्या रिकाम्या जागेत माझंच काहीतरी वर यायचं. कधी आईची आठवण, कधी उगाचच एखादी लाज. हे दमवणारं काम आहे, कोणी सोपं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मधले दोन गुरुवार मी गेलेच नाही. गोळ्यांचंही तसंच. पहिले काही आठवडे तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही जाणवलं नाही, बंद कराव्याशा वाटल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद केल्या नाहीत, एवढं शहाणपण केलं.

इकडे गुडघ्याची कीर्ती पसरली होती. सोसायटीतल्या बायका लेप सांगायच्या. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या हिराबाई हरसूलच्या. त्यांनी गावच्या बाजारातून कसलंसं हिरवं तेल आणलं आणि रोज दुपारी माझा गुडघा चोळायला बसल्या. त्या हातांचा स्पर्श मला इतका बरा वाटायचा, की मी त्यांना थांबवलं नाही. आठवडाभरानं त्या म्हणाल्या, "आजी, ह्या गुडघ्याला काय बी झालेलं नाय."

मी साडी गुडघ्यावरून खाली ओढली.

"दुसरं काय दुखतंय, व्हय?"

मी मान हलवली.

"मंग सांगायचं ना! माझं तेल फुकट गेलं," त्या म्हणाल्या आणि चोळत राहिल्या. किती दिवसांनी हसले मी! सायली बाहेरच्या खोलीतून पळत आली, कोण हसलं ते बघायला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी बाईंना चौथ्या वहीतलं ते पान सांगितलं. लाल पेन्सिल, साडी, सगळं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. कोणाच्या जावेच्या भाचीला कितवा महिना लागला, हे मला ठाऊक. त्या मुलीचं काहीच ठाऊक नव्हतं, कारण मी पान उलटलं होतं. ती गात होती, हे मात्र आठवलं. आणि मग मला रडू आलं. घळाघळा, नाक पुसायची शुद्ध नाही असं. पहिल्यांदा.

घरी आले, चौथी वही काढली. ती ओळ खोडली नाही. खोडून काय होणार? तिच्याखाली लाल पेन्सिलीनंच लिहिलं: 'कुमुद. वय एकाहत्तर. डोक्याच्या गोळ्या. चालेल.'

शेवटचा दिवस

बरं वाटलं ते एका दिवसात नाही. एका सकाळी चहा गरम असतानाच संपला. एकदा मेथीची जुडी बघून वाटलं, ही कोवळी आहे, घ्यावी. एका दुपारी मी फोन केला, आपण होऊन. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. अजून एक अर्धी चालू आहे आणि ती आता बडीशेपेच्या शेजारी, उघड्यावर असते.

बाईंकडच्या शेवटच्या गुरुवारी त्या खुर्चीत मागे टेकल्या. "विचारा, कुमुदताई. ठरलं होतं."

माझ्याकडे तेव्हा चाळीस प्रश्न तयार होते. मी त्यांच्याकडे बघितलं. या बाईला माझं सगळं माहीत होतं आणि मला तिचं काही माहीत नव्हतं, आणि मला अजिबात उघड्यावर पडल्यासारखं वाटत नव्हतं.

"राहू दे," मी म्हणाले.

जिना उतरताना मला जे वाटलं, ते मुलाच्या दहावीच्या निकालालासुद्धा वाटलं नव्हतं. खाली ह्यांनी घड्याळ बघितलं. "लवकर सुटलीस आज."

"काम संपलं," म्हटलं.

पोहे

मागच्या महिन्यात सायलीला बघायला पाहुणे आले. मुलगा, आईवडील आणि आत्या. आत्याबाई सोफ्यावर बसल्या आणि मी ओळखलं: ही माझ्याच पंथाची. पडद्यांवरून नजर फिरवून झाली, मेघनाच्या माहेरची चौकशी झाली, आणि मग अगदी सहज म्हणून आवाज आला, "बाकी घरात सगळ्यांच्या तब्येती? कोणाला काही विशेष?"

"आईंचा गुडघा तेवढा," मेघना घाईनं म्हणाली.

मी सायलीकडे बघितलं. तिनं भुवया उडवल्या: बोल.

"माझा गुडघा उत्तम आहे," मी म्हणाले. "मला डिप्रेशन होतं. गोळ्या घेतल्या, अजून अर्धी चालू आहे. आठ महिने थेरपिस्टकडे गेले. आता बरी आहे. पोहे घ्या."

मेघनाच्या हातातली किसलेल्या खोबऱ्याची वाटी हवेतच थांबली. मुलाच्या वडिलांनी पंख्याकडे बघितलं. आमचे हे मात्र माझ्याकडे असे बघत होते, की लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं बघितलं नव्हतं. मग मेघनानं हळूच माझ्या बशीत खोबरं घातलं. मला नको असताना, दोनदा.

लग्नाचं म्हणाल तर त्यांचा होकार आला आणि सायलीनं नकार कळवला. मुलगा एकेक शेंगदाणा वेचून बाजूला काढत होता म्हणे. पण ते महत्त्वाचं नाही.

बशा आवरत होते तेव्हा आत्याबाई पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. दार थोडं लोटलं. "त्या तुमच्या थेरपिस्ट बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "कुठे बसतात?"

कोणासाठी हवंय, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला. मी तो गिळला. सातव्या वहीचं एक कोरं पान फाडलं आणि त्यावर पत्ता लिहून दिला. त्यांनी त्याची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

"बाई चांगल्या आहेत ना?"

"चांगल्या आहेत."

"कुठल्या म्हणायच्या? माहेर कुठलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "विचारलं नाही."

आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. माझी कीर्ती त्यांच्या कानावर असणारच. "तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आठ महिने गेलात आणि तुम्ही विचारलं नाही?"

"एकदाही नाही," मी म्हणाले आणि त्यांच्यासाठी एका बशीत आणखी पोहे वाढले.